कोणी बोलावलेच नाही

सामान्य काळातील पंचविसावा रविवार



आज आपण मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला ऐकला. मळ्याचा धनी पहाटे मजूर आणायला बाजारात जातो. नऊ वाजता पुन्हा जातो, बारा वाजता जातो, तीन वाजता जातो आणि दिवस मावळायला तासभर उरलेला असताना पाच वाजताही जातो. संध्याकाळी तो सर्वांच्या हातावर एक एक दिनार ठेवतो. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. हा दाखला परमेश्वराच्या उदारपणाविषयी आहे, असे आपण दर वेळी ऐकतो आणि ते खरेच आहे. आज मात्र आपण थोडा वेळ त्या पाच वाजेपर्यंत बाजारात उभ्या राहिलेल्या माणसांजवळ जाऊन उभे राहू या.

आपल्या स्टेशनजवळचा मजूर नाका आपण सर्वांनी पाहिला आहे. सकाळी सात-साडेसातला तेथे गर्दी असते. मुकादम येतो, एक नजर टाकतो, धट्टीकट्टी माणसे निवडतो आणि टेम्पोत बसवतो. नऊ-दहापर्यंत नाका रिकामा होतो. तरी दोन-चार माणसे उरतातच. कोणी वयस्कर, कोणी एका पायाने अधू, तर कोणी असा की त्याला धड बोलता येत नाही, म्हणून मुकादमाला तो नकोसा वाटतो. जाता-येता आपण त्यांच्याकडे पाहतो आणि मनात म्हणतो, काम करायचे नसेल यांना.

दाखल्यातला धनी मात्र त्यांना विचारतो की, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात? ते सांगतात की, आम्हांला कोणी कामाला बोलावलेच नाही. धनी त्यांच्या उत्तरावर शंका घेत नाही. तुमच्यातच काही खोट असेल, असेही तो म्हणत नाही. ‘तुम्हीसुद्धा मळ्यात जा,’ एवढेच सांगतो.

आज हे सगळे सांगायचे कारण म्हणजे असे उभे राहिलेले लोक आपल्या धर्मग्रामातही आहेत. ते नाक्यावर दिसत नाहीत, कारण ते घरात आहेत. त्यांतील काहींना ऑटिझम आहे.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. शब्द रूढ झाला आहे, पण तो थोडा फसवा आहे. ‘स्वमग्न’ म्हटले की वाटते, हा माणूस स्वतःतच गुंग आहे, त्याला बाकीच्यांची पर्वा नाही. प्रत्यक्षात तसे नसते. ऑटिझम असलेल्या माणसाच्या मेंदूची घडण जन्मापासून निराळी असते. आपल्या कानाला साधा वाटणारा आवाज त्याच्या डोक्यात घण घातल्यासारखा आदळू शकतो. ठरलेला क्रम अचानक मोडला तर त्याला भोवळ आल्यासारखे होते. डोळ्यांत डोळे घालून बोलणे त्याला अवघड जाते. कोणी अजिबात बोलत नाही, कोणी एकाच विषयावर तासभर बोलतो. कोणाला बौद्धिक अक्षमताही असते, तर कोणी वर्गात पहिला येतो. मुलींमध्ये ही गोष्ट पुष्कळदा ध्यानातच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात साधारण दर १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम होता. आपल्या रविवारच्या तीनही मिस्सांना मिळून किती माणसे येतात ते मोजा, भागाकार करा आणि मग विचारा की, ही माणसे कुठे आहेत?

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या आळ्यांमध्ये ती अजून कुजबुजली जाते. गेल्या शतकात काही नामवंत तज्ज्ञांनी असे पसरवले होते की, आईने माया कमी केल्यामुळे मूल असे होते. ते साफ चुकीचे ठरले आहे. लसीमुळे ऑटिझम होतो, असे सुचवणारा लेख १९९८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तो २०१० साली त्याच नियतकालिकाने मागे घेतला. हा कोणाच्या पापाचा परिणाम नाही, कोणाची नजर लागलेली नाही आणि करणी तर नाहीच नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारले होते की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. ज्या सासूने, नणंदेने किंवा शेजारणीने एखाद्या आईला असे काही ऐकवले असेल, तिने पुढच्या पापनिवेदनाची वाट न पाहता आजच त्या आईच्या घरी जावे.

आता शाळेविषयी. आपल्या धर्मग्रामातील एका आईने आपली हकिकत आम्हांला सांगितली आणि नाव न घेता ती तुम्हांला सांगण्याची मोकळीक दिली. तिचा मुलगा सहा वर्षांचा झाला, तेव्हा ती त्याला घेऊन एका शाळेत गेली. ‘बोलतो का?’ असे विचारले गेले. थोडे बोलतो, असे तिने सांगितले. ‘आमच्याकडे तशी सोय नाही,’ असे उत्तर आले. दुसऱ्या शाळेने प्रवेश दिला, पण दुसऱ्या महिन्यापासून रोज अकराच्या सुमारास फोन येऊ लागला की, याला घेऊन जा. तिसऱ्या शाळेत इतर पालकांनी तक्रार केली की, बाईंचा सगळा वेळ या एकाच मुलावर जातो. या तीन शाळांपैकी एक ख्रिस्ती व्यवस्थापनाची होती, हे लिहिताना आम्हांला लाज वाटते.

‘सोय नाही’ हे दोन शब्द फार सोयीचे आहेत. त्यांत कोणी वाईट ठरत नाही. नाही म्हणणारा नम्रपणे नाही म्हणतो आणि ऐकणारी आई नम्रपणे उठून जाते. पण कायदा आता निराळी भाषा बोलतो. १९९५ सालच्या अपंगांविषयीच्या कायद्यात ऑटिझमचे नावच नव्हते. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ऑटिझमला आपल्या २१ प्रकारांच्या यादीत स्थान दिले. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता घ्यावे आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी, अशी त्या कायद्याची अपेक्षा आहे. म्हणजे सोय असेल तर प्रवेश, असा हिशेब तेथे नाही. मूल आले की सोय करायची. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाणही सांगितले : प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागे एक शिक्षक आणि वरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक.

अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला, हे आपल्यातील जाणकार लगेच सांगतील. आपल्या संस्थांचे स्वातंत्र्य आम्हांलाही मोलाचे वाटते. पण ज्या प्रभूच्या नावाची पाटी आपण फाटकावर लावतो, त्याच्या शुभवर्तमानातून आपल्याला कोणत्याही न्यायालयाने सूट दिलेली नाही.

आता कुरकुर करणाऱ्यांकडे वळू या. दाखल्यातील पहाटेचे मजूर आपली मजुरी कमी पडली, असे म्हणत नाहीत. तुम्ही यांना आमच्या बरोबरीला आणले, हे त्यांचे दुखणे आहे. हेच बोल आम्ही आपल्या अंगणात ऐकले आहेत. लेखी परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटे जादा मिळावीत, गरज असेल तर लेखनिक मिळावा, असे केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले होते. दहावीच्या निकालानंतर एक पालक आम्हांला म्हणाले, ‘फादर, हा अन्याय नाही का? माझ्या मुलीलाही वीस मिनिटे मिळाली असती तर तिचे टक्के वाढले असते.’ त्यांचा राग खोटा नव्हता. मुलगी खूप अभ्यासू आहे. पण विचार करा, तिला कमी वेळ मिळाला का? जेवढा ठरला होता तेवढा तिला मिळाला. ज्याचे अर्धे बळ पंख्याची घरघर आणि बाकांचा आवाज सोसण्यातच खर्ची पडते, त्याला उत्तर लिहायला उरलेला वेळ किती होता? धन्याने पाचच्या मजुराला जो दिनार दिला, तो पहाटेच्या मजुराच्या खिशातून काढलेला नव्हता.

आणि आता आमच्याविषयी, कारण दुसऱ्यांच्या शाळांविषयी बोलणे सोपे असते.

वर सांगितलेली आई आपल्या मुलाला धर्मशिक्षणाच्या वर्गात घालण्यासाठी आमच्याकडेही आली होती. त्याच्या बरोबरीची मुले प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी करत होती. आम्ही तिला म्हणालो, ‘जरा शांत बसायला शिकू दे, पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षीही आम्ही तेच म्हणालो. त्याच्या बरोबरीची मुले आता वेदीसेवक झाली आहेत. तो अजून शेवटच्या बाकावर आईचा हात धरून बसतो. मिस्सातील घंटा वाजली की कानांवर हात ठेवतो आणि कधी कधी ओरडतो. मग पुढच्या चार-पाच रांगांतील माना वळतात. एकदा प्रवचन थांबवून आम्हीही पाहिले होते. त्यानंतर तीन रविवार ती आली नाही. धर्मसभेच्या कायद्याच्या ७७७व्या कलमात प्रमुख धर्मगुरूवर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे की, शरीराने किंवा मनाने अधू असलेल्यांनाही त्यांच्या परीने जमेल तसे धर्मशिक्षण मिळाले पाहिजे. हे कलम आम्हांला ठाऊक होते. तरीही आम्ही ‘सोय नाही’च म्हणालो, फक्त शब्द गोड वापरले.

दुसरी गोष्ट एका तरुणाची आहे. तीही त्याच्या आणि त्याच्या आईच्या परवानगीने सांगत आहोत. तो चोवीस वर्षांचा आहे, बी. कॉम. झाला आहे. आकडे आणि तारखा यांत त्याचा हात धरणारा आम्ही पाहिला नाही. त्याने आठ ठिकाणी मुलाखती दिल्या. एके ठिकाणी त्याला विचारले, ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ तो म्हणाला, ‘पाच वर्षांनी मी एकोणतीस वर्षांचा असेन. कुठे असेन, ते आज सांगता येणार नाही.’ समोरचे हसले. उत्तर तर बरोबर होते. मुलाखतीत पाहतात ते बोलणे, हात मिळवणे, नजरेला नजर देणे. हिशेब येतो का, हे कोणी विचारलेच नाही. एका कचेरीत तीन आठवडे काम मिळाले. त्याचे टेबल सतत वाजणाऱ्या फोनजवळ होते. तो कानांवर हात ठेवू लागला. एका शुक्रवारी त्याला सांगितले, सोमवारपासून येऊ नका. त्याच्या कामात चूक निघाली नव्हती.

मग तो आपल्या कार्यालयात येऊ लागला. स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्यांची सूची संगणकावर चढवण्याचे काम अर्धवट राहिले होते. ते आधी करणाऱ्या मुलीला आपण दरमहा पगार देत होतो. तिचे लग्न झाले आणि ती गेली. हा तरुण रोज बरोबर नऊला येतो, खिडकीजवळच्या शांत कोपऱ्यात बसतो आणि एकला जातो. एकाच नावाच्या दोन व्यक्तींच्या नोंदी एकमेकींत मिसळल्यामुळे एका जोडप्याच्या विवाहाचे कागद अडले होते. ते त्याने शोधून काढले. आम्ही त्याचे खूप कौतुक केले. चहा दिला, बिस्किटे दिली, नाताळला शर्ट दिला. पगार दिला नाही. हे काम आम्ही ‘सेवा’ म्हणत होतो.

चौदा महिन्यांनी त्याच्या आईने दारात उभे राहून हळू आवाजात विचारले, ‘फादर, आधीच्या मुलीला पगार होता ना?’

बंधू-भगिनींनो, त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. मळ्याच्या धन्याचा दाखला आम्ही किती वर्षे समजावून सांगत आलो! धन्याने पाच वाजता आलेल्यांना मळ्यात घेतले, पण चहा पाजून परत पाठवले, असे शुभवर्तमानात कोठेही लिहिलेले नाही. त्याने त्यांना मजुरी दिली, तीही पूर्ण. कारण दिनार म्हणजे त्या दिवसाची भाकर होती आणि पाचला आलेल्या मजुराच्या घरीही चूल होती. दया दाखवून आम्ही एका माणसाचा हक्क बुडवत होतो. परमगुरू संत योहान पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर एक विश्वपत्र लिहिले. त्यात दिव्यांगांच्या कामाविषयी एक वेगळा भाग आहे. जे पूर्ण कार्यक्षम आहेत त्यांनाच कामाच्या जगात प्रवेश देणे म्हणजे सबळांनी दुर्बळांविरुद्ध केलेला भेदभाव होय, असा त्यांचा आशय आहे. आपण त्याला एक पुरवणी जोडली होती : प्रवेश द्यायचा, पण फुकट.

आम्ही त्या तरुणाला बोलावले आणि क्षमा मागितली. पुढच्या महिन्यापासून तुला पगार मिळेल, असे सांगितले. त्याने खिडकीकडे पाहत विचारले, ‘मागच्या चौदा महिन्यांचा पण?’ आम्ही जरा गप्प झालो. मग होय म्हणालो. आपल्या वित्त समितीने गेल्या बैठकीत ही थकबाकी एकमताने मंजूर केली, याबद्दल तिचे आभार.

मध्ययुगातील ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी एक साधे सत्य मांडले आहे. आधी असणे, मग करणे. आंब्याला फळ येते कारण तो आंबा आहे. फळ आले म्हणून तो आंबा होत नाही. माणसाचे मोलही असेच आहे. तो बोलतो, कमावतो, शांत बसतो, म्हणून तो माणूस ठरत नाही. त्याच्या निर्मात्याने त्याला आपल्या प्रतिमेप्रमाणे घडवले, म्हणून तो माणूस आहे. मग त्याला जे जमते ते करायला जागा देणे, हे बाकीच्यांचे कर्तव्य ठरते.

ती जागा कशी द्यायची, हे प्रभूने करून दाखवले आहे. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात एका बहिऱ्या, तोतऱ्या माणसाला लोक त्याच्याकडे आणतात. येशू सर्वांसमोर भाषण करत नाही. तो त्याला गर्दीतून बाजूला घेतो, त्याच्या कानांना आणि जिभेला स्पर्श करतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी तो हातांनी बोलतो. आधी आमच्यासारखा हो, मग ये, असे तो म्हणत नाही. तो स्वतः त्याच्या वाटेने जातो. कायदा ज्याला वाजवी सोय म्हणतो, ती आपल्या प्रभूने दोन हजार वर्षांपूर्वी केली होती. परमगुरू फ्रान्सिस यांनीही नोव्हेंबर २०१४ मध्ये रोममध्ये ऑटिझम असलेल्या व्यक्तींची व त्यांच्या कुटुंबांची भेट घेतली. या कुटुंबांचा एकाकीपणा आणि त्यांच्यावर बसलेला शिक्का दूर झाला पाहिजे, हे त्यांचे सांगणे होते.

धर्मग्राम परिषदेशी विचारविनिमय करून आम्ही पुढील गोष्टी ठरवल्या आहेत.

पुढच्या रविवारपासून सकाळच्या दुसऱ्या मिस्सात घंटा वाजवली जाणार नाही आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी ठेवला जाईल. डाव्या बाजूची खोली उघडी राहील. ज्यांना गर्दी सोसत नाही, त्यांनी तेथे बसावे किंवा फिरावे. मध्येच कोणी ओरडले, तर कोणीही मान वळवू नये. तो आवाजही प्रार्थनेचाच एक भाग माना.

धर्मशिक्षणाच्या दोन शिक्षिका आणि एक धर्मभगिनी यांनी त्या अकरा वर्षांच्या मुलाला त्याच्या घरी, चित्रांच्या मदतीने शिकवायला सुरुवात केली आहे. साधी भाकर आणि ख्रिस्ताचे शरीर यांतला फरक तो बोटाने दाखवतो. तेवढे पुरेसे आहे. त्याचा प्रथम ख्रिस्तप्रसाद याच वर्षी होईल.

ज्यांच्या घरी असे मूल आहे आणि दिव्यांग प्रमाणपत्र काढलेले नाही, त्यांनी कार्यालयात यावे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असले तर सरकारी नोकरीतील राखीव ४ टक्क्यांचा लाभ मिळू शकतो. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि एकाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी मिळून आहे. अर्ज भरायला आपले युवक मदत करतील.

शेवटची विनंती आपल्यातील दुकानदार, कारखानदार, पतपेढ्यांचे संचालक आणि शाळांतील शिक्षक यांना आहे. पूर्वी वाडीत केळीच्या किंवा पानवेलीच्या कामाला माणूस लागला की घरोघरी जाऊन सांगावे लागे. वाडीवाला स्वतः जाई. आता आपण जाहिरात देतो आणि आलेल्यांतून निवडतो. एकदा स्वतः बाहेर पडा. एका माणसाला बोलावा. मुलाखतीऐवजी आठवडाभर काम देऊन पाहा, शांत कोपरा द्या, काय करायचे ते लिहून द्या आणि महिन्याच्या शेवटी पूर्ण पगार द्या. दाखल्यातील धनी पाच वेळा बाजारात गेला. आपण निदान एकदा जाऊ या.

प्रार्थना : हे प्रभू, आम्ही तुझ्या मळ्यात लवकर आलो आणि तो आमचाच आहे, असे समजू लागलो. ज्यांना कोणी बोलावले नाही, त्यांना तू बोलावतोस. आमची कुरकुर थांबव. त्यांच्या वाटेने चालण्याची आम्हांला बुद्धी दे आणि त्यांची मजुरी बुडवण्याच्या पापापासून आम्हांला वाचव. आमेन.

आपले प्रमुख धर्मगुरू